खडूचा बाण

पुलाच्या मध्यावर आल्यावर ताईने विचारलं, "किती झाली?"

"काय किती?"

"पावलं, वहिनी. मी बाराशे दहापर्यंत मोजली. मग तो सायकलवाला घंटी बडवत गेला आणि माझा आकडा सांडला."

"मी कशाला मोजू? माझे डोळे ठणठणीत आहेत," मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

ताई हसली. "बरं झालं बोललीस. दवाखान्यातून निघाल्यापासून माझ्याशी अशी बोलते आहेस, जशी मी काचेची बरणी आणि आत्ता फुटेन."

डोळ्यांच्या दवाखान्यातून निघून आम्हाला अर्धा तास झाला होता. दारातच बस उभी होती, पण ही चढायला तयार नाही. चालत जायचं म्हणाली, रस्ता पायांना शिकवून ठेवायचा म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला होता, दोन्ही डोळ्यांत. नळीतून बघावं तसं समोरचं दिसेल, कडेचं गेलं ते गेलं. थेंब नेमाने घातले तर उरलेलं टिकेल. ताईने एकच प्रश्न विचारला, "हे कधीपासून असेल?" त्या म्हणाल्या, "दोन वर्षं तरी. हळूहळू जातं, माणसाला कळतही नाही." ताई मान खाली घालून आपली पिशवी चाचपत राहिली. तिला कळलेलं होतं, हे मला तेव्हाच समजलं.

नात्याने मी तिची वहिनी, तिच्या मोठ्या भावाची बायको. वयाने आम्ही सारख्याच, पण गणवेशाच्या कारखान्यात सगळ्या तिला कात्रीताई म्हणतात म्हणून मीही घरीदारी ताईच म्हणते. तीस वर्षं आम्ही एका घरात राहतो आणि बावीस वर्षं एका कारखान्यात काम करतो. ती कापते, मी काजे करते आणि बटणं लावते. तिच्याबद्दल लिहायचं तर माझ्याइतकं जवळून पाहिलेलं दुसरं कोणी नाही. म्हणूनच हात अडखळतो आहे.

तिच्या हुशारीची पहिली गोष्ट आमच्या ह्यांच्या तोंडून ऐकावी. ही नऊ वर्षांची असताना हिने त्यांचा एकुलता एक शाळेचा सदरा पूर्ण उसवला. बाह्या, कॉलर, खिसा, सगळं वेगळं करून जमिनीवर नकाशासारखं मांडलं. आई ओरडली तेव्हा म्हणाली, "आत कसा आहे ते बघते आहे." संध्याकाळपर्यंत सदरा परत शिवला, तो मात्र आधीच्यापेक्षा बरा. फक्त खिसा उजवीकडे आला. आमचे हे वर्षभर उजव्या खिशाने शाळेत गेले आणि अजून ते ऐकवतात. "मी पहिलं गिऱ्हाईक आणि पहिला बळी," म्हणतात.

पुढे कारखान्यात तिने शिकवायची रीत ठरवली तीसुद्धा ह्या सदऱ्यावरूनच. नवी बाई आली की तिला मशीनवर बसवायचं नाही. तिच्यापुढे एक शिवलेला गणवेश ठेवायचा आणि म्हणायचं, "उसव." पहिला दिवस उसवण्यात जायचा. दुसऱ्या दिवशी, कोणालाही न विचारता, तो परत जोडायचा. बायका रडकुंडीला यायच्या. पण ज्या टिकल्या त्यांना कपडा आतून कळायचा. मालकांना वाटायचं, वेळ वाया जातो. मग त्यांच्या लक्षात आलं की हिच्या हाताखालची बाई तीन महिन्यांत जे शिकते ते दुसरीकडे वर्षात शिकत नाहीत.

वाढत्या बाहीची कल्पनाही तिचीच. मुलं उंच होतात, गणवेश होत नाही. तिने बाहीच्या टोकाला आतून अशी दुमड बसवली की दरवर्षी एक शिवण उसवली की बाही बोटभर लांब होते आणि जुनी खूण दिसत नाही. आता सगळेच करतात. कोणाला माहीत नाही की ते आमच्या कारखान्यातल्या एका खिडकीपाशी, पावाच्या कागदावर पेन्सिलीने पहिल्यांदा काढलं गेलं.

आणि चुकांचं टेबल. शनिवारी शेवटचा अर्धा तास मशीन बंद. मधल्या टेबलाभोवती आम्ही बाराजणी उभ्या राहायचो आणि आठवड्यात जिची जी चूक झाली ती तिने आणून ठेवायची. रागवायचं नाही, हसायचं मात्र पोटभर. मग त्या चुकीकडे बघून विचारायचं, हिचं काय करता येईल? एकदा मी काजं तिरकं केलं होतं. ताई ते फिरवून फिरवून बघत राहिली आणि म्हणाली, "लहान मुलांच्या बोटांना हे तिरकंच सोपं जाईल." पुढच्या वर्षी बालवाडीच्या सगळ्या गणवेशांना तिरकी काजी आली. माझी चूक, पण मी आठ दिवस मान ताठ करून हिंडत होते.

टेबलाची कीर्ती झाली. मालकांनी त्याचा फोटो काढून ऑफिसात लावला. कपड्यांचे आराखडे शिकणारी मुलंमुली वह्या घेऊन यायला लागली. कोणी विचारायचं, "ताई, कल्पना कशा सुचतात?" ही म्हणायची, "कंटाळा आला की." एका मुलीने विचारलं, "चांगलं नेतृत्व म्हणजे काय?" ताईने तिच्या हातात तेलाची कुपी दिली आणि म्हणाली, "आधी त्या सहा मशीनना तेल घाल, मग सांगते." मुलीने घातलंही, आणि ताई सांगायचं विसरली.

अशी ही बाई. इथपर्यंत लिहायला मला काहीच जड गेलं नाही.

पूल संपला तसा आमचा रस्ता डावीकडे वळायचा. ताई उजवीकडे वळली.

"अगं, घर इकडे आहे."

"माहीत आहे. घाईबाईकडे जाऊ."

मी तिच्या मागे वळले.

घाईबाई आमच्याकडे कापडाचे थर टाकायची. भरभर बोलायची, भरभर चालायची, चहासुद्धा असा प्यायची की जणू कोणी कप हिसकावून घेणार आहे. ताईनेच तिला पहिल्या आठवड्यात घाईबाई नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काम मात्र तिचं कधीच घाईचं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. ती समजायला कापण्याची रीत सांगायला हवी. आम्ही कापड एकेक कापत नाही. लांब टेबलावर ऐंशी थर एकावर एक पसरतात, वरच्या थरावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखतात आणि मशीनने ऐंशीही थर एकदम कापतात. थर टाकायच्या रीती दोन. एक म्हणजे सगळ्या थरांची सुलटी बाजू वर. दुसरी म्हणजे थर तोंडाला तोंड लावून, एक सुलटा, एक उलटा. दुसऱ्या रीतीत बाहीचा फर्मा कितीही वेळा सरळच आखला तरी उजव्या-डाव्या जोड्या आपोआप निघतात. पहिल्या रीतीत फर्मा एकदा सरळ आणि एकदा पालथा आखावा लागतो, नाहीतर सगळ्या बाह्या एकाच हाताच्या. घोटाळा होऊ नये म्हणून ताईनेच नियम केला होता. थर टाकणारीने टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात खडूने बाण काढायचा. सगळे सुलटे असतील तर एक, तोंडाला तोंड असेल तर दोन. बाण दिसला नाही तर कापणारीने वाकून थराचा कोपरा उचलून बघायचा.

त्या दिवशी हिवाळी गणवेशाचं कापड होतं, एका बाजूने लव असलेलं. एरवी आम्ही हिवाळी कापड तोंडाला तोंड लावून टाकतो. पण ह्या कापडाची लव एकाच दिशेला बसत होती. उलटसुलट टाकलं असतं तर एक बाही गडद आणि एक फिकी दिसली असती. घाईबाईने ते हात फिरवून ओळखलं, सगळे थर सुलटे टाकले आणि कोपऱ्यात एक बाण काढला. मी बटणांचा डबा आणायला गेले होते तेव्हा तिला बाण काढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ताईला बाण दिसला नाही. वाकून कोपरा तपासायला हवा होता, तो तपासला नाही. तिने नेहमीप्रमाणे दोन्ही बाह्या सरळ आखल्या आणि कापल्या.

दुपारी शिवणाऱ्यांकडून हाक आली, "ताई, डावी बाही कुठे आहे हो?"

दुसरी म्हणाली, "माझ्याकडे पण उजव्याच."

तिसरी म्हणाली, "अख्ख्या शाळेला एकच हात आहे की काय?" सगळ्या खो-खो हसल्या. मग गठ्ठे सोडले. एकशे साठ बाह्या, सगळ्या उजव्या. तेव्हा हसू थांबलं. त्या रंगाचं कापड गिरणीत संपलेलं होतं.

ताई कापायच्या टेबलाकडे गेली. टेबलावर अगदी नाक टेकेल इतकी वाकली. आणि मग डाव्या तळव्याच्या कडेने तिने कोपरा पुसला, भाकऱ्या थापल्यावर परात पुसावी तितक्या सहज. मी काज्याच्या मशीनवरून बघत होते. तिथून ती बेसिनपाशी आली. खडूचे हात ती कधी धूत नाही, अॅप्रनला झटकते. त्या दिवशी नळ सोडला. तळव्याची कड पांढरी होती. साबण माझ्या बाजूला होता. मी तो उचलून तिच्या पुढे केला. तिने घेतला.

मालक आले. "थर कोणी टाकले?"

"मी टाकले," घाईबाई म्हणाली. "सगळे सुलटे टाकले. एक बाण काढला होता."

"दाखव बाण."

ती कोपऱ्याकडे गेली. टेबल स्वच्छ. तिने दुसरा कोपरा पाहिला, मग तिसरा. मग खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. ती टेबलाखाली बघायला वाकली ते मला अजून दिसतं.

मालक म्हणाले, "नावच घाईबाई, आणखी काय होणार?" दोघीतिघी हसल्या, घाबरून माणूस हसतं तशा. ताई हसली नाही आणि बोललीही नाही. दुसऱ्या दिवसापासून घाईबाई आली नाही, तिला येऊ नको म्हणून कळवलं होतं.

मी रोज सकाळी देवापुढे पाच मिनिटं बसते. फार काही मागत नाही, घरातल्यांची नावं घेते आणि उठते. त्या दिवसानंतर घाईबाईचंही नाव घ्यायला लागले. मला वाटायचं, तेवढ्याने माझं काम झालं. देवाने मला तोंड दिलं आहे ते कशासाठी, हे मी त्याला विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं.

त्यानंतरच्या शनिवारी टेबलाभोवती अकराजणी उभ्या राहिलो. पहिलीने मोडकी सुई ठेवली. दुसरीनेही सुई. तिसरीनेही. सात सुया जमल्या. ताई म्हणाली, "आणि?" कोणी काही ठेवलं नाही. पुढच्या शनिवारीही सुयाच. त्या टेबलावरून नवीन काही निघणं बंद झालं. ऑफिसातला फोटो तसाच होता, वहीवाली मुलंही येत होती, आणि ताई त्यांना जुन्याच गोष्टी सांगत होती. तिरक्या काज्याची गोष्ट तिने चौथ्यांदा सांगितली तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले.

घाईबाई एका चाळवजा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. बाहेरून लोखंडी जिना. ताई पायऱ्या मोजत चढली, सव्वीस. दार उघडंच होतं. खिडकीशी मशीन, त्यावर पडद्याचं निळं कापड.

"अगंबाई, कात्रीताई! आणि वहिनी पण," ती म्हणाली. उठली नाही. "फोटोवाले नाही आणले बरोबर?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग बसा. पसारा आहे, पण तुम्हाला उसवलेलं आवडतंच."

तिने आम्हाला पाणी दिलं. ताईने पेल्याकडे हात नेला तो पेल्याच्या शेजारी गेला. घाईबाईने ते पाहिलं. माणसाच्या हाताकडे बघायची आम्हा सगळ्यांनाच सवय आहे.

"डोळे का?" तिने विचारलं.

"काचबिंदू. कडेचं दिसत नाही. दोन वर्षं झाली असतील." ताईने पेला दोन्ही हातांनी धरला. "म्हणून आले. त्या बाह्यांची चूक माझी होती. फर्मा पालथा आखायचा राहिला, तो माझ्याकडून. तू थर बरोबर टाकले होतेस. मी मालकांना सांगणार आहे. तू परत ये."

घाईबाई पडद्याचा दोरा दातांनी तोडत होती, ती थांबली.

"फर्मा तुमच्याकडून राहिला हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, ताई. थर मी टाकले होते, मला कळत नाही का? मला ते नको आहे. मला एवढंच सांगा, बाण कुठे गेला?"

ताईने पेला खाली ठेवला.

"मी काढला होता की नाही?" तिचा नेहमीचा भरभर आवाज एकदम सावकाश झाला. "सहा महिने मी हेच आठवते आहे. खडू हातात घेतला, ते आठवतं. कोपऱ्याशी गेले, ते आठवतं. पण टेबलावर काही नव्हतं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग मला जे आठवतं ते खरं कसं? आता मी दाराला कुलूप लावते, जिना उतरते आणि परत वर येऊन बघते. गॅस बंद करते आणि पुन्हा जाऊन हात लावून बघते. मुलीला शाळेत सोडून येते आणि वाटेत वाटतं, सोडलं ना? माझा माझ्यावरच भरवसा नाही उरला. नोकरीचं काय, पडदे शिवते आहे मी. बाण काढला होता का मी?"

"काढला असशील," ताई म्हणाली.

"असशील?"

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. मी पेल्याच्या तळाशी बघत होते. मला वाटलं, आता ताई बोलेल. ताईला बहुतेक वाटलं, मी बोलेन.

"बरं," घाईबाई म्हणाली आणि मशीन सुरू केलं. "जिना उतरताना शेवटची पायरी उंच आहे. सांभाळून."

आम्ही उतरलो. ताईने ह्या वेळी पायऱ्या मोजल्या नाहीत आणि शेवटच्या पायरीवर ठेचकाळली. मी दंड धरला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आम्ही तशाच गेलो. तिथे ती थांबली.

"शनिवारी टेबलापाशी सगळं सांगायचं ठरवलं होतं मी," ती म्हणाली. "चार वेळा मनात बोलून पाहिलं. डोळ्यांचं सांगते, फर्म्याचं सांगते, आणि बाणापाशी आले की थांबते. आणि तेवढ्यावरच सगळ्या माझं कौतुक करतायत, असं मला दिसतं. किती मोठं मन ताईचं! मालक आणखी एक फोटो लावतायत. ते ऐकायला मला बरं वाटतं, वहिनी. पुढचं बोलायची मग गरजच वाटत नाही."

मी म्हणाले, "आज पहिलाच दिवस आहे. दवाखान्याचाही ताण आहे. घरी जाऊ, चहा घेऊ, मग बघू."

"तू हेच करतेस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "साबण पुढे करतेस."

माझा हात तिच्या दंडावरून सुटला. तिला ठाऊक होतं. सहा महिने एका घरात, एकाच टेबलाशी जेवत, तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

"तू तिला बाण काढताना पाहिलंस का?" तिने विचारलं.

"पाहिलं."

"आणि मला पुसताना?"

"तेही पाहिलं."

ताईने चेहरा माझ्याकडे वळवला. आता तिला माझ्याकडे बघायचं तर सगळी मान वळवावी लागते. त्यामुळे ती बघते तेव्हा फक्त माझ्याकडेच बघते.

"मग परत वर जाऊ," ती म्हणाली. "आत्ताच. शनिवार नको. मी बोलायला सुरुवात करीन. बाणापाशी येऊन पुन्हा थांबले, तर तू माझ्यासाठी थांबू नकोस. पुढचं तू सांग. तिला सांग, बाण होता."